शैक्षणिक सल्लागाराकडे जाताना या चुका टाळा

विषय निवडणे, क्रेडिट (प्रत्येक विषयाला त्याच्या अभ्यासाच्या भारानुसार दिलेले एकक) मोजणे, विषय सोडणे, नापास झाल्यावर पुढची आखणी करणे, ही सगळी कामे विद्यापीठातल्या शैक्षणिक सल्लागाराची. तरी तिथून रिकाम्या हाताने परतणारे विद्यार्थी कमी नसतात. बहुतेक वेळा ते उशिरा गेलेले असतात, किंवा अर्धीच माहिती घेऊन गेलेले असतात.

रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या आठवड्यात जाणे

तोवर मागणी असलेल्या विषयांच्या जागा भरलेल्या असतात आणि सल्लागाराकडे प्रत्येकासाठी जेमतेम दहा मिनिटे उरतात. पूर्वअटीतून, म्हणजे एखादा विषय घेण्याआधी दुसरा पास असण्याच्या अटीतून, सूट हवी असेल तर विभागाची मंजुरीही लागते, आणि ती एका दिवसात मिळत नाही. रजिस्ट्रेशन उघडण्याच्या तीन-चार आठवडे आधी भेट ठरवा. याशिवाय आणखी दोन भेटी ठेवा: पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण कळल्यावर, पण विषय सोडण्याची मुदत संपण्यापूर्वी, आणि पदवीला दोन सेमिस्टर उरलेली असताना.

एकूण क्रेडिट मोजून निश्चिंत होणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. पदवीसाठी 120 क्रेडिट लागतात आणि खात्यावर 116 दिसतात, म्हणजे आता एकच विषय उरला, असे वाटते. पण नियम गटवार असतात: मुख्य विषय इतके, ऐच्छिक इतके, प्रात्यक्षिक इतके. ऐच्छिक गटात जास्तीची आठ क्रेडिट असली तरी त्यांनी मुख्य गटातली तूट भरत नाही. प्रत्येक गटापुढे ‘लागणारी, झालेली, चालू, उरलेली’ असे चार रकाने आखा आणि तो कागद सल्लागाराकडून तपासून घ्या. एकच विषय दोन गटांत धरला आहे का, हे मुद्दाम विचारा. मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) घेणाऱ्यांचा हिशेब सहसा इथेच चुकतो.

दुसरा सापळा पूर्वअटींच्या साखळीचा. एकामागून एक करावे लागणारे चार विषय असतील तर त्यांना किमान चार सेमिस्टर लागतात. सहा सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात पहिला विषय चौथ्या सेमिस्टरला घेतला, तर शेवटचा सातव्यात जातो. साखळीतला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर उशीर आणखी वाढतो. म्हणून आखणी शेवटच्या सेमिस्टरपासून मागे करत या.

‘मी कोणता विषय घेऊ?’ एवढेच विचारणे

अशा प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते. सोबत अद्ययावत ट्रान्सक्रिप्ट (झालेले विषय आणि ग्रेड यांची अधिकृत नोंद), तुमच्या प्रवेशवर्षाची नियमावली आणि पुढच्या सेमिस्टरचा कच्चा आराखडा न्या. आराखड्यात दोन पर्यायी विषय असू द्या. नोकरी किंवा रोजचा लांबचा प्रवास असेल तर आठवड्याचे किती तास त्यात जातात तेही सांगा. मग प्रश्न असा होतो: ‘संख्याशास्त्र आणि प्रकल्प एकाच सेमिस्टरला झेपतील का, की प्रकल्प पुढे ढकलला तर पदवी लांबेल?’ याचे नेमके उत्तर देता येते.

विषय सोडण्याचे परिणाम न तपासणे

बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या मुदतीत सोडलेल्या विषयाची ट्रान्सक्रिप्टवर नोंद राहत नाही. त्यानंतर माघार घेतली तर नोंद राहते. ती सहसा सरासरीत धरत नाहीत, पण शुल्क परत मिळेलच असे नाही. दोन्ही मुदती संपल्यावर मात्र जो निकाल लागेल तो स्वीकारावा लागतो. अर्ज करण्याआधी एवढे विचारा: उरलेली क्रेडिट शिष्यवृत्तीच्या किमान अटीत बसतात का, वसतिगृह किंवा व्हिसासाठी पूर्णवेळ विद्यार्थी राहता का, आणि पुढचा कोणता विषय यावर अवलंबून आहे?

गुण घसरल्यावर तोंड लपवणे

सरासरी सावरायला लागणारा काळ लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. 10 च्या पट्टीवर 60 क्रेडिटची सरासरी 6.0 असेल, म्हणजे 360 गुणांक (क्रेडिट गुणिले ग्रेड) जमले असतील, आणि पुढच्या 20 क्रेडिटमध्ये ती 7.0 वर न्यायची असेल, तर 80 क्रेडिटसाठी 560 हवेत. उरलेले 200 गुणांक 20 क्रेडिटमध्ये मिळवायचे म्हणजे सगळीकडे 10 पैकी 10. हेच लक्ष्य 40 क्रेडिटवर पसरले तर 8.5 ची सरासरी पुरते. पहिली योजना कागदावरच राहते. दुसरी अवघड आहे, पण अशक्य नाही.

पुन्हा परीक्षा दिली तर जुना ग्रेड पुसला जातो की दोन्ही धरले जातात, हे आधी विचारा. पुसला जात असेल, तर वरच्याच 60 क्रेडिटच्या हिशेबात 4 क्रेडिटच्या विषयात 4 चा 8 झाल्यावर सरासरी 6.0 वरून 6.27 होते. तेवढ्याच क्रेडिटच्या नव्या विषयात 8 मिळवला तर ती 6.13 पर्यंतच जाते.

तोंडी उत्तरावर विसंबणे

पर्यायी विषय चालेल, दुसऱ्या विद्यापीठातली क्रेडिट धरली जातील, अट शिथिल होईल, ही आश्वासने सल्लागार बदलला की हवेत विरतात. शिवाय अशी मंजुरी देण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे नसतो. ते शिफारस करतात. भेट झाली त्याच दिवशी छोटा ईमेल पाठवा: ‘आज ठरल्याप्रमाणे अमुक विषय तमुक विषयाऐवजी मुख्य गटात धरला जाईल, असे मी समजतो. यासाठी कोणता अर्ज, कोणाकडे आणि केव्हापर्यंत द्यायचा?’ आलेले उत्तर पदवी मिळेपर्यंत जपून ठेवा.

अडलेच तर

रजिस्ट्रेशन रोखलेले दिसत असेल तर ते कोणत्या कार्यालयाने रोखले ते पाहा. सल्लागाराची अट भेटीनंतर निघते. थकीत शुल्काची अट लेखा विभागच काढू शकतो, तिथे सल्लागाराला विनवून काही होत नाही. ईमेलला उत्तर येत नसेल तर विषयाच्या ओळीत नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख घालून पुन्हा लिहा, मग विभागाच्या समन्वयकाकडे जा. दोन सल्लागारांची उत्तरे वेगळी आली तर दोघांनाही नियमाचा क्रमांक विचारा.

गुणांबद्दल तक्रार असेल तर आधी त्या विषयाच्या शिक्षकांकडे जायचे असते. झोप उडाली असेल, वर्गात जाववत नसेल, तर तेही सल्लागाराला सांगा. ते समुपदेशकाकडे पाठवू शकतात. फक्त बोललेले कोणाकोणाला कळेल, हे आधी विचारून घ्या.

शेवटच्या सेमिस्टरच्या भेटीत पदवीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो का, हेही विचारा. अनेक विद्यापीठांत सगळे विषय पास होऊनही अर्ज न भरल्याने नाव पदवीधरांच्या यादीत येत नाही.