रोमन लीजन मांडताय? या चुका टाळा

'रोम: टोटल वॉर' हा प्राचीन लढायांचा कॉम्प्युटर गेम २००४ साली आला, 'रोम २' २०१३ मध्ये. दोन्ही अजून खेळले जातात, आणि लीजन (रोमन फौजेची मोठी तुकडी) अगदी इतिहासात होती तशी लावायची असा ध्यास घेतलेला नवा खेळाडू दर थोड्या दिवसांनी भेटतो. मला आनंद होतो. तो आनंद साधारण त्याचा पहिला रिप्ले बघेपर्यंत टिकतो. कारण चुका त्याच. एखादं चित्र बघायचं, मैदानावर तसंच्या तसं उमटवायचं, हरायचं आणि मग गेमला शिव्या घालायच्या.

सगळ्यात जास्त छळलेलं फॉर्मेशन म्हणजे टेस्टुडो, ढालींचं कासव. ते दिसतं झकास, बटण समोरच असतं, म्हणून लोक ते कुठेही वापरतात. मित्राच्या धाकट्या भावाने एकदा पार्थियाविरुद्ध (रोमचा पूर्वेकडचा शत्रू) कस्टम बॅटल लावली. सपाट मोकळं मैदान, जवळजवळ अख्खी फौज लीजनरी कोहोर्टची (लीजनमधल्या जड पायदळाच्या तुकड्या), घोडदळ नावापुरतं. समोर घोडेस्वार तिरंदाज दिसताच पठ्ठ्याने सगळ्या कोहोर्ट एका झटक्यात टेस्टुडोत घातल्या आणि चहा ठेवायला उठला. पॉजही केलं नाही. सुरुवातीला त्याचं बरोबरच चाललं होतं. बाण ढालींवर आपटत होते, माणसं फारशी पडत नव्हती. मग पार्थियाचे कॅटाफ्रॅक्ट, म्हणजे माणूस आणि घोडा दोघंही चिलखतात असलेलं भाल्यांचं घोडदळ, उजव्या टोकाच्या कोहोर्टवर आदळले. कासवाला पळता येत नाही, वळायला वेळ लागतो आणि हातघाईत तर ते अगदीच कुचकामी. ती कोहोर्ट मोडली, तिच्याकडे बघून शेजारची मोडली. हा कप घेऊन आला तेव्हा अर्धी फौज नकाशाच्या कडेकडे धावत होती. मला फोन: "दादा, टेस्टुडोत बग आहे का रे?"

बग नाही. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रासुसची फौज पार्थियनांपुढे कार्हाईला नेमकी याच कात्रीत सापडली होती. रोमन इतिहासकार दिओने ते स्वच्छ लिहून ठेवलंय: ढाली जुळवून दाटीने उभं राहावं तर भालेवाले घोडेस्वार अंगावर येत, त्यांना चुकवायला पांगावं तर बाण लागत. गेमने हा पेच बऱ्यापैकी जसाच्या तसा उचललाय. उलट गेम तुमच्यावर मेहेरबान आहे. इथे घोडेस्वारांचे बाण संपतात. तिथे पार्थियन सेनापती सुरेनाने बाणांनी लादलेले उंट मागे ठेवले होते, त्यामुळे भाते रिकामे होण्याची वाट बघत बसलेल्या रोमनांची आशा फुकट गेली.

माझी सवय सांगतो. टेस्टुडो मी मुख्यतः तटाकडे किंवा दरवाजाकडे चालत जाताना वापरतो. उघड्या मैदानावर फार तर ज्या कोहोर्टवर बाण खरंच पडतायत तेवढ्याच कासवात, बाकीच्या मोकळ्या. जड घोडदळ वळताना दिसलं की ते जवळ यायच्या आधीच कासव सोडायचं, कारण ढाली खाली येऊन रांग पुन्हा लागायला वेळ जातो. आणि पार्थियाशी लढायला जाताना गोफणवाले न्या, शक्यतो चढावर उभे राहा. रोमन सेनापती व्हेंतिदियुसने इ.स.पू. ३८ मध्ये पार्थियनांना तसंच झोडपलं. पण गोफणवाले स्क्रीनशॉटमध्ये छान दिसत नाहीत ना, म्हणून ते कुणी नेत नाही.

दुसरी लाडकी चूक बुद्धिबळाच्या पटाची. पुढे हस्ताती (तरुण सैनिक), मधे प्रिन्किपेस (भरात आलेले), मागे त्रिआरी (वयाने मोठे, अनुभवी), आणि पुढच्या रांगेतल्या फटींमागे मागच्या रांगेतली मॅनिपल (लीजनची छोटी तुकडी). हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग हस्तातींच्या दोन युनिटमध्ये पूर्ण एका युनिटएवढी फट सोडतात. शत्रूचं युनिट सरळ त्या फटीत घुसतं, हस्तातींच्या कुशीत शिरतं, आणि दहा गोष्टी करायच्या तर माउस एकच.

फटी होत्या हे खरंच, पण प्रत्यक्ष भिडताना त्या तशाच उघड्या राहायच्या की बुजवल्या जायच्या, यावर अभ्यासक अजून भांडतायत. त्या कशासाठी होत्या हे लक्षात ठेवा. पुढे गेलेल्या वेलितेसना (हलके भालेफेके) मागे यायला वाट हवी, थकलेल्या हस्तातींना मागे सरकायला वाट हवी. झामाला इ.स.पू. २०२ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने मॅनिपल एकामागे एक सरळ लावून शत्रूच्या हत्तींसाठी गल्ल्या ठेवल्या, आणि त्या गल्ल्यांच्या तोंडाशी वेलितेस उभे केले. म्हणजे फट कायमची नव्हती, कामापुरती होती. गेममध्ये तुमच्या हत्तीविरोधी गल्ल्यांना हत्ती बहुतेक वेळा विचारत नाहीत. त्यांना एखाद्या युनिटवर हल्ल्याचा हुकूम मिळालेला असतो, ते तिकडेच येतात. तिथे भालेफेकेच कामाला येतात.

गेममध्ये रांग बदलण्याची सोय नाही, हे एकदा मान्य करा. भिडलेल्या हस्तातींना मागे बोलावलंत की ते पाठ फिरवतात आणि पाठीवर वार खात येतात. म्हणून मी उलटं करतो. युनिटच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढीच फट ठेवतो, प्रिन्किपेसना तिच्यामागे थोड्या अंतरावर थांबवतो. हस्तातींचा जोर ओसरू लागला की (मोडायची वाट बघायची नाही) प्रिन्किपेसना फटीतून पुढे घालून त्याच शत्रूवर सोडतो. शत्रूचं तोंड नव्या युनिटकडे वळलं, की मगच हस्तातींना सावकाश मागे. हे खरं रोमन नाही, पण त्याच्या जवळ जाणारं आहे. वेलितेसचं स्कर्मिश मोड (शत्रू जवळ आला की आपोआप मागे हटणं) मी बंद ठेवतो आणि त्यांना हाताने मागे घेतो, नाहीतर ते घाबरून कुठूनही पळतात आणि रांग विस्कटतात.

फटींचा वैताग आला की काही जण दुसऱ्या टोकाला जातात, सगळी युनिट एकमेकांना चिकटवून खोल गठ्ठा करतात. इ.स.पू. २१६ मध्ये रोमन सेनापती वारोने कॅनीला मॅनिपल अरुंद आणि खोल करून हेच केलं. पुढे कार्थेजच्या हानिबलने काय केलं ते शोधा.

संख्येचा घोळ वेगळाच. इतिहासकार पोलिबियसने वर्णन केलेल्या लीजनमध्ये १२०० हस्ताती, १२०० प्रिन्किपेस, ६०० त्रिआरी आणि साधारण १२०० वेलितेस. ही तीस मॅनिपल वीस कार्डांच्या (एक कार्ड म्हणजे गेममधलं एक युनिट) फौजेत मावणार नाहीत, तेव्हा कार्ड म्हणजे मॅनिपल हा हट्ट सोडा आणि प्रमाण धरा: चार, चार, दोन, चार. ही झाली चौदा. सेनापती पंधरावा. घोडदळात एक रोमन, तीन सहयोगींची, कारण सहयोगी रोमनांच्या तिप्पट घोडेस्वार देत असं पोलिबियसच सांगतो. उरलेलं एक कार्ड मी सहयोगी पायदळाला देतो. ते खरं तर संख्येने रोमन पायदळाच्या बरोबरीचं असे, पण वीस म्हणजे वीसच. दोन-दोन लीजन कोंबण्याच्या नादात त्रिआरी आठ झालेली फौज मी पाहिलीय. ती लीजन नव्हे, म्हाताऱ्यांचा मेळावा.

मॅनिपलनंतरच्या, कोहोर्टच्या काळात गणित सोपं: दहा कोहोर्ट, पुढून चार, तीन, तीन. सीझरच्या लिखाणात हीच मांडणी येते. फार्सालुसला इ.स.पू. ४८ मध्ये त्याने सहा कोहोर्ट बाजूला काढून चौथी रांग केली आणि प्रतिस्पर्धी पाँपीचं घोडदळ तिच्यावर फुटलं. 'आता जास्तीची युनिट कुठे ठेवू' असं विचारणाऱ्यांनी आधी ही चौथी रांग लावून बघावी. मात्र कार्डावर 'कोहोर्ट' लिहिलेलं असलं तरी सगळ्यात मोठ्या आकारातही त्यात साधारण १६० च माणसं असतात, म्हणजे ८० माणसांच्या दोन सेंचुरी (कोहोर्टच्या आतल्या तुकड्या). खरी कोहोर्ट ४८० ची.

आता भराभर. पिलम (फेकायचा भाला) फेकायचं असेल तर डबल-क्लिकने धावत सोडू नका, भाले बरेचदा हातातच राहतात. 'फायर ॲट विल' (आपोआप मारा) चालू ठेवून उभं राहा, शत्रूला येऊ द्या. घाई असणाऱ्यांना हे कधीच जमत नाही. त्रिआरींना पहिल्या मिनिटाला पुढे काढू नका. रोमन म्हणत, गोष्ट त्रिआरींपर्यंत आली, म्हणजे वेळ वाईट आली. रांग दोन माणसं खोल करून मैदानभर ताणू नका. मी सहा ते आठच्या खाली जात नाही. सेनापतीला पहिल्या धडकेत वापरू नका, हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं.

पहिल्या 'रोम'च्या कॅम्पेनमध्ये मॅनिपलचं सैन्य टिकवायचं असेल तर इटलीतल्या शहरात इम्पीरियल पॅलेस बांधायची घाई करू नका. तो झाला की मारियुसच्या सुधारणांची (मॅनिपलऐवजी कोहोर्ट) घटना येते आणि मग जुने हस्ताती नव्याने भरती करता येत नाहीत. आणि सीझरच्या लीजनला पट्ट्यांचं चिलखत घालणारे मॉड लावू नका. ऑगस्टसच्या आधी त्या चिलखताचा पुरावा नाही. सीझरची माणसं कड्यांच्या चिलखतात लढली.