मेशवर जाणारा पिंग दिसतो, परत येणारा का दिसत नाही?

हॅम मेशचं (हौशी रेडिओवाल्यांच्या बिनतारी जाळ्याचं) काम निघालं की मी राउटरला हात लावण्याआधी वही उघडतो. एकदा वहीशिवाय बसलो होतो. सगळी संध्याकाळ डिश इकडून तिकडे फिरवण्यात गेली. सिग्नल उत्तम होता, पिंगला (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणाऱ्या पॅकेटला) मात्र उत्तर नाही. पलीकडच्या राउटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला तेव्हा कळलं, पॅकेट तिथे नीट पोहोचत होतं. परत कुठून जायचं हे त्या राउटरला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

एरेडनचं (हॅम मेशसाठीच्या प्रकल्पाचं) फर्मवेअर असेल तर पत्त्यांची चिंता जवळजवळ नसते. नोड (जाळ्यातला राउटर) आपल्या मॅक पत्त्याचे, म्हणजे यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकाचे, शेवटचे तीन भाग घेऊन स्वतःचा पत्ता बनवतो: शेवट १ए:२बी:३सी असेल तर तेच आकडे दशमानात, १०.२६.४३.६०. लॅनसाठी, म्हणजे नोडला जोडलेल्या यंत्रांसाठी, पाच यंत्रांचा पर्याय घेतला तर /२९ हा पत्त्यांचा छोटा गट मिळतो. पत्ते आठ, त्यातला एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, एक नोडचा, उरले पाच. कॅमेरा, फोन, रास्पबेरी पाय लावता लावता ते संपतात, म्हणून मी सुरुवातीलाच तेरा यंत्रांचा पर्याय निवडतो.

हाताने बांधलेल्या जाळ्यासाठी मी १७२.२० वापरतो. १० ने सुरू होणारे पत्ते घेतले तर उद्या एरेडनला जोडताना भांडण ठरलेलं, आणि १९२.१६८.१ तर अर्ध्या घरगुती राउटरांवर आधीच बसलेला असतो. माझ्या वहीतली मांडणी अशी (/२४ म्हणजे २५६ पत्त्यांचा गट): घर १७२.२०.१.०/२४, टेकडी १७२.२०.२.०/२४, क्लब १७२.२०.३.०/२४. प्रत्येक ठिकाणी .१ राउटरचा, .२ ते .४९ कायमचे आणि .१०० ते .१९९ डीएचसीपीचे (राउटर आपोआप वाटतो ते). कायमचा पत्ताही यंत्रात टाइप करू नका, डीएचसीपीमध्ये मॅकला बांधून द्या. पुढे मांडणी बदलली तर कॅमेऱ्यासाठी खांबावर चढावं लागत नाही.

दोन राउटरमधल्या लिंकला चार पत्त्यांचा /३० पुरतो. घर–टेकडी १७२.२०.२५५.०/३०, त्यात घर .१ आणि टेकडी .२. टेकडी–क्लब १७२.२०.२५५.४/३०, त्यात टेकडी .५ आणि क्लब .६.

आता राउट, म्हणजे कुठल्या पत्त्यांकडे कुठून जायचं हे सांगणाऱ्या ओळी. घरच्या राउटरवर: १७२.२०.३.०/२४ कडे जायला पुढचा टप्पा १७२.२०.२५५.२. टेकडीवर दोन्ही बाजूंचे: घरच्या /२४ साठी १७२.२०.२५५.१, क्लबच्या /२४ साठी १७२.२०.२५५.६. क्लबवर: १७२.२०.१.०/२४ साठी १७२.२०.२५५.५. ही शेवटची ओळ म्हणजे परतीचा रस्ता, आणि विसरली जाते ती नेमकी हीच.

इथे आणखी एक खोच आहे. घरच्या राउटरवरूनच क्लबला पिंग केलात तर पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिंकचा, म्हणजे १७२.२०.२५५.१ असतो. क्लबला तो /३० माहीत नसेल तर उत्तर हरवतं. घरातल्या लॅपटॉपवरून मात्र सगळं सुरळीत चालतं! म्हणून लिंकचे /३० सुद्धा दोन्ही टोकांना लिहा.

४४ ने सुरू होणाऱ्या, हॅमना दिलेल्या पत्त्यांवर काम करणाऱ्यांनी जुन्या मार्गदर्शिकेतला ४४.०.०.०/८ चा राउट काढून टाकावा. २०१९ मध्ये ४४.१९२.०.०/१० हा तुकडा अ‍ॅमेझॉनला विकला गेला. तो राउट राहिला तर त्या तुकड्यातल्या वेबसाइटी रेडिओवर शोधल्या जातील. त्याऐवजी ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० असे दोन राउट टाका.

स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेल्या, राउटला लिंक मेल्याचं कळतही नाही. रेडिओ वेगळ्या डब्यात आणि राउटर केबलने जोडलेला, त्यामुळे हवेतला दुवा तुटला तरी पोर्ट चालूच दिसतो आणि जास्त मेट्रिकचा (म्हणजे कमी प्राधान्याचा) पर्यायी राउट कधी जागाच होत नाही. जिथे दोन वाटा आहेत तिथे बेबल किंवा ओएलएसआर (वाट आपोआप शोधणारे प्रोटोकॉल) लावा. स्टॅटिक राउट मी फक्त एकेरी शेपटीला ठेवतो, म्हणजे जिथे जायला एकच वाट आहे तिथे.

लिनक्सवर कमांडने टाकलेला राउट रीबूटनंतर उडतो, म्हणून तो कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. मग रीबूट करून पाहा, आणि टेकडीवरून खाली उतरण्याआधी पाहा.