दफनभूमीची कुंपणभिंत आणि गेट: या चुका टाळा

ठाण्यात बरीच वर्षं मी कुंपणभिंतींची कामं करतोय, त्यातली काही दफनभूमींची. दर वेळी त्याच चुका दिसतात, कारण दर वेळी घाई तीच: मार्चअखेर बिल निघालं पाहिजे. ज्यांनी त्या जागेवर एक पावसाळा काढलेला नाही, त्यांनी तिथे भिंत आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाण्याला वाट न ठेवणं. येऊरच्या पायथ्याकडच्या एका दफनभूमीला वरच्या अंगाला जुना दगडी गडगा होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसती कोरडी रचाई. पाणी त्याच्या फटींतून झिरपून खालच्या चरात जायचं. कुणाला तरी तो गबाळा वाटला. तो काढून २ मीटर उंचीची सलग वीटभिंत उभी राहिली. मी तिथे सुपरवायझर होतो. नकाशात पाणी जायला भोकं होती, पण ‘कबरींवर चिखल उतरेल’ म्हणून ती लिंपायला सांगितलं गेलं आणि मी ती लिंपू दिली. पुढे वरच्या प्लॉटवरचा भराव भिंतीला येऊन टेकला. जुलैत तीन दिवस संततधार लागली आणि तिसऱ्या रात्री भिंतीचा मोठा तुकडा कबरींवर आडवा झाला. सकाळी एक आजी छत्री मिटूनच पावसात उभ्या होत्या, नवऱ्याच्या नावाचा दगड शोधत. त्याचे चार तुकडे सापडले. तारखेचा तुकडा सापडला नाही.

भिंतीमागे २ मीटर पाणी साचलं की दर मीटर लांबीला साधारण २ टनांचा रेटा बसतो, मातीचा वेगळा. पाण्याची उंची निम्मी झाली की हाच रेटा चौथाईवर येतो. म्हणून मी आता दर ५ फुटांवर ४ इंची पाइप ठेवतो, मागे खडी भरतो आणि पाइपाच्या मागच्या तोंडाला जाळी लावतो. चिखलाची भीती असेल तर भिंतीच्या पायथ्याशी गटार काढा, भोकं बुजवू नका. दर मे महिन्यात प्रत्येक पाइपात सळई घालून बघा.

दुसरी चूक: जुन्या भिंतीवरून हद्द धरणं. जुनी भिंत म्हणजे हद्द नव्हे. कधी शेजारी आत सरकलेला असतो, कधी भिंतच सोयीने आत घेतलेली असते, आणि बाहेर राहिलेल्या पट्ट्यातही कबरी असतात. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, शेजाऱ्यांना त्या दिवशी बोलवा, खुणेचे दगड त्यांच्यासमोर रोवा आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत, म्हणजे कार्यालयाकडून मिळणारी अधिकृत प्रत, हातात आल्याशिवाय आखणीचा चुना टाकू नका. वेळ लागतो, लागू द्या. कोर्टात त्याहून जास्त लागतो.

मग दफनाची नोंदवही उघडा आणि कबरी खणणाऱ्या काकांना कडेकडेने फिरवा. मी पाहिलंय, लहान मुलांच्या कबरी बरेचदा कडेला असतात आणि त्यांच्यावर दगडही नसतो. तिथे जेसीबी नको. हाताने खड्डे घेऊन बघा. कबर लागलीच तर सलग पाया सोडून द्या, अलीकडे-पलीकडे खांब घ्या आणि वरून बीम टाका. झाडांच्या मुळांशीही मी हेच करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. भिंतीवर काचा लावू नका. रस्त्याकडच्या बाजूला वर ग्रिल ठेवा. आत माणसं दिसली की कचरा टाकणारा हात थबकतो. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं की बोटभर असतानाच मुळासकट काढा.

गेट आखताना मात्र थांबून विचार करा. बाइक अडवायला दारात वळणावळणाचे लोखंडी पाइप बसवतात. तिथून शवपेटी खांद्यावर घेऊन सहा माणसं जाऊच शकत नाहीत आणि व्हीलचेअर अडकते. मी शववाहिकेसाठी १२ फुटी गेट ठेवतो आणि शेजारी कायम उघडं असणारं ४ फुटी दार. दोन पायऱ्या मिळून १ फूट चढ असेल तर उतार १२ फूट लांब हवा. जागा वाचवायला तो ६ फुटांत बसवतात, मग म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरून चढवावं लागतं.

आणि चर उघडे टाकण्याआधी कॅलेंडर बघा. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं मेणबत्त्या घेऊन येतात, शब-ए-बारातला कबरस्तानात रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. त्याच्या आठवडाभर आधी मी खणलेलं सगळं बुजवून घेतो आणि गेटपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिवे लागतात की नाही, ते रात्री स्वतः चालून बघतो.