धर्माच्या नावाने आलेला आक्षेप कसा तपासावा

शाळेतील एखाद्या धड्यावर, मुलींच्या शिक्षणावर किंवा रूढी मोडणाऱ्या सुधारणेवर ‘हे धर्माविरुद्ध आहे’ असा आक्षेप आला, की संस्थाचालक एक तर घाबरून माघार घेतात किंवा आक्षेप घेणाऱ्या सर्वांना सरसकट धर्मांध ठरवून मोकळे होतात. दोन्ही टाळण्यासाठी आक्षेप प्रथम लेखी मागावा. कोणत्या मजकुरावर किंवा कृतीवर हरकत आहे, तिला धर्मातील कोणता आधार दिला आहे आणि नेमकी मागणी काय आहे, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात.

यांपैकी मागणी सर्वांत बारकाईने वाचावी. ‘माझ्या मुलाला प्रार्थनेची सक्ती नको’ असे म्हणणारा पालक स्वतःच्या श्रद्धेपुरते बोलत असतो आणि त्याची सोय बहुधा करता येते. ‘हे कोणालाच शिकवू नका’ असे म्हणणारा मात्र आपली श्रद्धा इतरांवर लादत असतो. मूलतत्त्ववाद ओळखायचा तो इथे, माणसाच्या पेहरावावरून किंवा उपासनेवरून नव्हे.

त्यानंतर आक्षेपामागील हेतू सुटे करावेत. 1891 मध्ये संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा विरोधकांत शास्त्राचा दाखला देणारे सनातनी होते, तसेच परकीय सरकारने आमच्या समाजात ढवळाढवळ करू नये, असे म्हणणारे टिळकही होते. परिणामी दोघे एकाच बाजूला उभे राहिले, हे खरे. तरी दोघांना एकच उत्तर देऊन भागणारे नव्हते.

शास्त्राचा दाखला आला असेल, तर त्या परंपरेच्या जाणकाराकडून मूळ वचन संदर्भासह तपासून घ्यावे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशरस्मृतीतील श्लोक पुढे केला, कारण ज्यांना पटवायचे होते त्यांना स्मृतीचाच अधिकार मान्य होता. सरकारकडे गेलेल्या विरोधी अर्जावर त्यांच्या अर्जापेक्षा कितीतरी पटींनी अधिक सह्या होत्या, तरीही 1856 मध्ये कायदा झाला. प्रत्यक्ष विवाह मात्र थोडेच झाले, कारण बहिष्काराची भीती कायद्याने जात नाही. म्हणून सुधारणेची झळ ज्यांना बसणार, त्यांच्या पाठीशी कोण उभे राहील, हे आधीच ठरवून ठेवावे. पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना 1849 मध्ये घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला.

वचनाच्या आधाराला मर्यादाही आहे. डिसेंबर 2022 मध्ये अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीने मुलींना विद्यापीठे बंद केली, तेव्हा कैरोतील अल-अझहर या नामांकित इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनीच हा निर्णय शरीयतशी विसंगत असल्याचे सांगितले. बंदी मात्र उठली नाही. सत्ता आणि शस्त्र ज्याच्या हाती आहे, त्याच्याशी केवळ ग्रंथार्थाचा वाद घालून भागत नाही. धमकी आली, तर तिला आक्षेपाच्या फायलीत न ठेवता पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

निर्णय देताना धडा का ठेवला, हे त्या विषयाच्या निकषांवर लिहावे: विज्ञानाच्या धड्याला पुरावा, इतिहासाच्या धड्याला साधने. ‘सर्वांच्या भावना जपून’ असे मोघम वाक्य टाळावे, कारण पुढचा आक्षेप घेणारा तेच वाक्य पुढे करतो.

निर्णयानंतरची देखरेख बहुतेक ठिकाणी राहून जाते. अमेरिकेतील टेनेसी राज्याने 1925 मध्ये सरकारी शाळांत मानवी उत्क्रांती शिकवण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी जॉन स्कोप्स या शिक्षकाला 100 डॉलर दंड झाला. दंड 1927 मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण कायदा 1967 पर्यंत टिकला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की गिऱ्हाईक दुरावू नये म्हणून प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतील उत्क्रांतीचा भाग आपणहून कमी केला आणि त्याची झळ अशी बंदी नसलेल्या राज्यांतील विद्यार्थ्यांनाही बसली. त्यामुळे धडा अभ्यासक्रमात कायम राहिला एवढ्यावर समाधान मानू नये. पुढील वर्षी तो वर्गात खरोखर शिकवला गेला का, त्यावर परीक्षेत प्रश्न आला का आणि शिक्षकाने तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडून तर दिला नाही ना, हे विद्यार्थ्यांच्या वह्या पाहून तपासावे.