सोनकुलला घोड्यावरून: बिश्केकमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकला एमबीबीएससाठी आलेली आपली मुलं सुट्टी लागली की इसिक-कुल तलाव गाठतात. मी म्हणेन, एकदा तरी सोनकुलला जा, आणि घोड्यावरूनच जा. 3,016 मीटरवरच्या या तलावाकाठी झाड नाही की कायमची वस्ती नाही. जूनमध्ये मेंढपाळ कुटुंबं कळपांसह वर येतात, लोकरीच्या नमद्याचे युर्त, म्हणजे गोल तंबू, उभारतात आणि सप्टेंबरात खाली उतरतात. दुसऱ्या बाजूंनी मोटारीचे कच्चे रस्ते आहेत, पण किझार्ट गावाहून किलेमचेच्या कुरणांतून खिंड ओलांडणारी वाट घोड्यांची.

मार्शरुत्काने, म्हणजे इथल्या मिनीबसने, वाटेतल्या कोचकोर गावी पोहोचलात की एक मुक्काम तिथेच करा. बिश्केक जेमतेम 800 मीटरवर आहे, एकदम वर गेलं की डोकं दुखतं, मळमळतं. वर गेल्यावर हा त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय, हे आपल्यालाच आधी कळायला हवं.

बसायला पूर्वीचा सराव लागत नाही, पण रिकिबीकडे, म्हणजे पाय ठेवायच्या कडीकडे, लक्ष हवंच. खोगिरावर बसून पाय मोकळे सोडले की रिकीब घोट्याशी यायला हवी. आखूड असेल तर तासाभरात गुडघे भरून येतात, म्हणून निघण्याआधीच पट्टा वाढवून मागा. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा. पाऊल आत अडकलं आणि पडलात, तर फरफटत जाल. लगाम एका हातात. ज्या बाजूला वळायचं तिकडे हात न्यायचा, लगाम मानेला टेकला की घोडा वळतो. ‘चू’ म्हटलं की चालतो. चढावर पुढे झुका, उतारावर मागे रेला, फार तीव्र उतार असेल तर पायउतार व्हा. दगडांत पाऊल कुठे टाकायचं ते त्याला ठरवू द्या, तिथे लगाम खेचू नका. सगळ्यात त्रासदायक दुडकी चाल. तेव्हा रिकिबींवर जरा उभं राहिलं की कंबर वाचते.

रेनकोट बसण्याआधीच चढवा. पाठीवर बसून प्लास्टिक फडफडवलं तर घोडा बुजतो. जुलैतही गारा, कधी बर्फ पडतं, तेव्हा लोकरीची टोपी आणि हातमोजे हवेतच.

शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा. पाव, कायमाक (घट्ट साय), जॅम, बटाटे आणि हवा तितका चहा मिळतो. शेंगदाण्याची चटणी मात्र घरची न्यावी. कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आधी घोटभरच घ्या. सवय नसलेलं पोट बिघडू शकतं.

वाटाड्या बायकेंचा शब्द शेवटचा. वयाने मोठ्या पुरुषाला इथे आदराने ‘बायके’ म्हणतात. आमच्या बायकेंनी भर दुपारी, लख्ख ऊन असताना, खिंडीवरचा ढग पाहून घोड्यांचे तंग, म्हणजे खोगिराचे पोटपट्टे, सैल केले आणि आज जायचं नाही म्हणाले. संध्याकाळी खिंड गारांनी पांढरी झाली होती. असा दिवस तुमच्याही वाट्याला येईल. कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी परतायचा बेत आखू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.