अँग्युलर मोमेंटमची बेरीज: तक्ता पाठ करण्याआधी पायथॉन उघडा

सांगलीत बीएस्सी करून शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला गेलेल्या आमच्यासारख्यांची क्लेब्श-गॉर्डनशी (दोन कणांचं अँग्युलर मोमेंटम, म्हणजे कोनीय संवेग, एकत्र करताना लागणारे सहगुणक) गाठ पडते ती बहुधा परीक्षेच्या तोंडावर, तक्ता घोकताना. पाठांतरावर पेपर निघतो, खोटं कशाला बोलू? पण नेट परीक्षेला कणांची जरा वेगळी जोडी आली की हात थांबतो. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर गूगल कोलॅब उघडा, तिथे नमपाय (पायथॉनची मॅट्रिक्सची लायब्ररी) आयतंच मिळतं. विश्रामबागेतल्या कॉट बेसिसवरच्या खोलीत माझी सुरुवात तशीच झाली.

दोन स्पिन-अर्ध्यांवर (ज्यांचं स्पिन, म्हणजे अंगभूत अँग्युलर मोमेंटम, १/२ आहे असे कण) अडकून राहू नका. थेट स्पिन-१ आणि स्पिन-१ घ्या. प्रत्येकाची मॅट्रिक्स ३ बाय ३, एकत्र ९ बाय ९. जे-झेड म्हणजे अँग्युलर मोमेंटमचा झेड दिशेचा घटक, आणि क्रॉन म्हणजे दोन मॅट्रिक्स जोडून मोठी मॅट्रिक्स करणारं नमपायचं फंक्शन. पहिल्या कणाचा जे-झेड म्हणजे क्रॉन(जे-झेड, आयडेंटिटी), दुसऱ्याचा क्रॉन(आयडेंटिटी, जे-झेड), दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण जे-झेड. एक्स आणि वायचंही तसंच. मग तिघांचे वर्ग करून बेरीज केली की जे-स्क्वेअर तयार. एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले २ पाय) १ धरायचा. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स लावल्यावर व्हेक्टर ज्या आकड्याने गुणून परत येतो तो आकडा) काढल्या की ६ पाच वेळा, २ तीन वेळा आणि ० एकदा येतो. ही व्हॅल्यू जे(जे + १) असते, म्हणजे जे २, १ आणि ०. पाच, तीन आणि एक मिळून नऊ. इथे फार बरं वाटतं, आणि इथेच माणूस फसतो.

मीही फसले. आयगेनव्हॅल्यू बरोबर म्हणजे व्हेक्टरही बरोबर, असं धरून पुढे गेले आणि आकडे तक्त्याशी जुळेनात. जे-स्क्वेअरला ६ ही व्हॅल्यू असलेले पाच व्हेक्टर आहेत. त्या पाच मितींच्या जागेत कुठलेही पाच परस्परलंब व्हेक्टर घेतले तरी ते जे-स्क्वेअरचे आयगेनव्हेक्टरच. मशीनला तुमचा एम (जे-झेडची आयगेनव्हॅल्यू) माहीतच नाही. ते एम = १ आणि एम = ० यांची मिसळ करून देऊ शकतं, आणि गणिताच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नाही. दोन स्पिन-अर्ध्यांच्या उदाहरणात उत्तर योगायोगाने स्वच्छ येऊ शकतं, म्हणून तर हा खड्डा लवकर दिसत नाही. प्रत्येक व्हेक्टरवर जे-झेड लावून बघा. तोच व्हेक्टर एका आकड्याने गुणून परत आला नाही, तर तो क्लेब्श-गॉर्डनच्या कामाचा नाही.

उपाय एका ओळीचा आहे. जे-स्क्वेअर अधिक ०.१ गुणिले जे-झेड, या मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर काढा. दोन्ही ऑपरेटर कम्यूट करतात (गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच), त्यामुळे आपल्याला हवे ते व्हेक्टर बदलत नाहीत, फक्त व्हॅल्यू सुट्या होतात: ६.२, ६.१, ६, ५.९, ५.८, मग २.१, २, १.९ आणि शेवटी ०. जे = २, एम = ० चा व्हेक्टर काढलात तर तीनच घटक शून्य नसलेले दिसतील: ०.४०८, ०.८१६, ०.४०८. सहाच्या वर्गमुळाने भागलेले १, २, १. हे स्वतःच्या स्क्रीनवर दिसलं की तक्त्याची भीती जाते, खरंच जाते.

आता चिन्हं. मशीन प्रत्येक व्हेक्टरचं चिन्ह मनाला येईल तसं देतं. कॉन्डन-शॉर्टली संकेताप्रमाणे प्रत्येक जेच्या सगळ्यात वरच्या एमच्या व्हेक्टरमध्ये पहिल्या कणाचा एम जास्तीत जास्त असलेला घटक धन ठेवायचा आणि तिथून जे-मायनस (एम एकाने कमी करणारा ऑपरेटर) लावत खाली उतरायचं. पार्टिकल डेटा ग्रुपचा (कणभौतिकीची आकडेवारी संकलित करणारा गट) तक्ता जवळ ठेवा, पण त्यात वर्गमूळ छापलेलं नसतं: −८/१५ लिहिलं असेल तर ते −√(८/१५) असं वाचायचं. क्रॉनमध्ये कणांचा क्रम उलटला तर जे = १ च्या सगळ्या घटकांचं चिन्ह बदलतं, २ आणि ० चं नाही.

सिमपाय या पायथॉनच्याच दुसऱ्या लायब्ररीमध्ये क्लेब्श-गॉर्डनचं तयार फंक्शन आहे. ते ताळा करायला वापरा, सुरुवात त्याने करू नका. सिनियरकडून फाइल मागून घेणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. फाइल चालते आणि तोंडीला ‘हा व्हेक्टर कशावरून?’ म्हटलं की गाडी अडते. कोड लिहून देणाऱ्या सरांपेक्षा ‘याचा एम किती?’ एवढंच विचारणारे सर शोधा. तसे फार नसतात, पण एक पुरतो.

गणितात कच्चे आहात म्हणून घाबरू नका, बारावीची मॅट्रिक्स येत असतील तर निम्मं काम झालं. मात्र तीन स्पिन-अर्धे घेतलेत की वरची एक ओळही पुरत नाही. आठ स्थितींपैकी चार जे = ३/२ च्या, उरलेल्या चारमध्ये जे = १/२ दोनदा येतो आणि एमही तेच. तिथे पहिल्या दोन कणांचा मिळून जे-स्क्वेअर ०.०१ ने गुणून आणखी मिळवावा लागतो.