ऊस गेलेल्या रानात पहिल्यांदाच भाजी लावताय? या चुका टाळा

संक्रांतीच्या सुमारास कोल्हापूरभोवतीचे उसाचे फड एकेक करून मोकळे होत असतात. याच दिवसांत शहरात नोकरी-धंदा करणाऱ्या अनेकांना भावकीत, सासुरवाडीला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडं गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा भाजीसाठी मिळतो. हौस दांडगी असते, त्यामुळं ट्रॅक्टर सांगून पंधरवड्यात बी टाकलं जातं. मार्च उजाडेपर्यंत रोपं पिवळी पडलेली, लव्हाळा गुडघ्याला लागलेला आणि पाण्याचा पत्ता नाही, अशी गत होते.

फड मोकळा झाला म्हणजे रान रिकामं झालं, असं धरून चाललं की हे सगळं ओढवतं. उसानं मातीत बरंच काही मागं ठेवलेलं असतं. बुडखे आणि पाचट डोळ्यांना दिसतं. तणनाशकाचा अंश, लव्हाळ्याच्या गाठी आणि ट्रॉलीच्या चाकांखाली दबलेली जमीन दिसत नाही. आधी हे ओळखायचं, मग बियाण्याच्या दुकानात जायचं.

शेवटचं तणनाशक कोणतं, हे न विचारणं

नवख्या माणसाला ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि नुकसान सगळ्यात जास्त याच गोष्टीनं होतं. उसात ॲट्राझीन आणि टू-फोर-डी ही तणनाशकं सर्रास मारली जातात. ॲट्राझीनचा अंश जमिनीत काही महिने टिकतो, आणि आपल्याकडच्या विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, काळ्या रानात तो आणखी रेंगाळतो. ऊस आणि मका हे औषध पचवतात. काकडी, दोडका, टोमॅटो, घेवडा, पालेभाज्या यांना ते जमत नाही. बी व्यवस्थित उगवतं, पहिली पानं हिरवीगार येतात. मग जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागतात, आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी सोडत राहतो.

म्हणून रान बघायला गेल्यावर मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा: "आण्णा, यात शेवटचं काय मारलं होतं आणि कधी?" बाटलीवरचं नाव आठवत नसेल तर घरच्या घरी चाचणी करता येते. रानातली माती दोन-तीन डब्यांत भरा, घरच्या कुंडीतली किंवा बांधाजवळची औषध न लागलेली माती तेवढ्याच डब्यांत भरा, आणि सगळ्यांत काकडीचं किंवा घेवड्याचं बी टाका. तीन आठवडे शेजारी शेजारी ठेवून बघा. रानातल्या मातीतली रोपं करपली आणि दुसऱ्या मातीतली तरारली, तर यंदा त्या तुकड्यात मका करा. कणसं घरात येतील, वैरण मालकाच्या जनावरांना होईल आणि तेवढ्यात जमिनीतला अंश उतरेल.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे शेजाऱ्याचा फवारणी पंप मागून आणणं. ज्या पंपातून एकदा टू-फोर-डी गेलं, त्यातून नुसता निंबोळी अर्क मारला तरी टोमॅटो आणि भेंडी आकसून जातात. साध्या पाण्यानं विसळून हा अंश जात नाही. आपल्या भाजीसाठी लहानसा का होईना, वेगळा पंप घ्या आणि तो कुणाला तणनाशकाला देऊ नका.

वापसा येण्याआधी कुदळ घालणं

रविवारची सुट्टी असते, म्हणून माती चिकट असली तरी माणूस खोरं घेऊन उतरतो. काळ्या रानात याची शिक्षा अख्खा हंगाम भोगावी लागते. ओल्या मातीत कुदळ घातली की तिची ढेकळं निघतात, उन्हानं ती दगडासारखी होतात आणि मग त्यांच्यात ना मूळ शिरतं ना पाणी. बांधावरून एखादा म्हातारा शेतकरी "पावणं, अजून ओल हाय, आज घालू नगासा" म्हणाला, तर ऐका आणि खोरं खाली ठेवा.

वापसा, म्हणजे माती मशागतीला बेताची ओली होणं, हातानं कळतो. चार बोटं खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा. पाणी तळहाताला लागलं किंवा माती बोटांना चिकटून राहिली तर थांबायचं. मुठीत गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर तो भुसभुशीत होऊन फुटला, तर घात आली समजा. गोळाच होत नसेल तर रान जास्त वाळलंय. अशा वेळी आधी पाणी देऊन भिजवायचं, काही दिवस सोडायचं आणि वापसा आल्यावर कुळवायचं. पन्हाळा, राधानगरीकडच्या तांबड्या मातीत वापसा लवकर येतो आणि लवकर जातोही. तिथं दोन दिवसांचा उशीर जड पडतो.

रान ओलसर असतानाच एक लोखंडी सळई ठिकठिकाणी दाबून बघा. ट्रॉली ज्या वाटेनं गेली तिथं ती वीतभर गेली की अडते. त्या पट्ट्यात पहारीनं किंवा नांगराच्या तासानं खालचा थर फोडल्याशिवाय काही लावू नका. तिथं पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात.

पाचट पेटवणं, आणि घाईनं गाडणंही

पाचट पेटवलं की रान स्वच्छ दिसतं. पण उन्हाळी भाजीला लागणारं सगळ्यात चांगलं आच्छादन आपण त्यात जाळून टाकतो. पेटवायचं नाही हे पटलेली माणसं मग दुसरं टोक गाठतात. ताजं पाचट कुदळीनं मातीत मिसळतात आणि आठवड्यात वर मेथी टाकतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि मेथी पिवळीधमक पडते. पाचट गोळा करून बांधाला रचून ठेवा. रोपं वीतभर झाली की ओळींमध्ये तीन-चार बोटं जाडीचं अंथरा. जास्तीचं असेल त्याचा शेण आणि पाणी घालून ढीग लावा, ते पुढच्या हंगामाला खत होईल.

रोटाव्हेटरवर सगळा भार टाकणं

रोटाव्हेटर फिरल्यावर माती पिठासारखी दिसते आणि मन भरतं. रानात हरळी आणि लव्हाळा असेल, तर त्या फेरीत तुम्ही त्यांची लागण केलेली असते. हरळीच्या प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. लव्हाळ्याची माळ तुटून एकेक गाठ सुटी होते आणि स्वतंत्र उगवते.

अशा रानात नांगरट करून बुडखे आणि हरळीच्या काशा, म्हणजे तिची जमिनीतली कांडी, उन्हात उघड्या पाडायच्या, वाळल्या की बुट्टीत गोळा करून बाहेर टाकायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. लव्हाळा एका वर्षात संपत नाही. उगवून तीन-चार आठवड्यांत तो नव्या गाठी धरायला लागतो, म्हणून त्याआधीच, दर पंधरवड्याला खुरप्यानं भांगलण करत राहिलं की खालच्या गाठींतला साठा हळूहळू संपतो. एखादी भांगलण चुकली की नव्या गाठी धरतात. एप्रिल-मे महिन्यांत मोकळा राहिलेला तुकडा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवा, कडा मातीनं बुजवा. उन्हानं तापून तणांचं बी आणि हरळी बरीचशी मरते. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र यानं सगळ्या मरत नाहीत.

त्यामुळं दोन गुंठे मिळाले असतील तर यंदा एकच लावा. दुसऱ्याची फक्त नांगरट, वेचणी आणि प्लॅस्टिक. नवख्या माणसाला मी हे आग्रहानं सांगेन, कारण दोन्ही गुंठ्यांची भांगलण सुट्टीच्या एका दिवसात उरकत नाही.

कच्चं शेणखत

उकिरड्याच्या वरच्या थरातलं ओलं, वास मारणारं शेण भाजीला घालायचं नाही. त्यातून तणांचं बी येतं, वाळवी येते आणि हुमणीच्या अळ्या येतात. हुमणी तर उसाच्या रानात आधीच ठाण मांडून असते. खणताना पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या, कोष किंवा तपकिरी भुंगेरे दिसले तर तिथल्या तिथं वेचा. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते गोळा करणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

शेणखत हातात घेतल्यावर काळं, मोकळं आणि मातीच्या वासाचं हवं. गुंठ्याला साधारण २०० किलो, म्हणजे २० किलोच्या १० बुट्ट्या. माती परीक्षण करायचं असेल तर खत घालण्याआधी नमुना घ्या. बांध, झाड आणि उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. शिरोळ-हातकणंगले भागात रान घेतलं असेल आणि वर पांढरा थर दिसत असेल, तर हा तपास टाळू नका. तिथं क्षार असतात, आणि चर काढून पाण्याचा निचरा केल्याशिवाय नुसत्या जिप्समनं जमीन सुधारत नाही.

पाण्याचा हिशेब उशिरा करणं

उन्हाळ्यात भाजीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तरी एका गुंठ्याला रोज ५०० लिटर लागतं. १५ लिटरच्या बादलीनं ३३ खेपा होतात, म्हणजे बादलीचं काम नाही. पाणी मालकाच्या उसाच्या पाळीवर येणार असेल, तर ती पाळी किती दिवसांनी येते हे आधी विचारा. काळ्या रानात उसाला दहा-बारा दिवसांची पाळी चालते, कोथिंबिरीला चालत नाही. पंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री असते, आणि नदीवरच्या योजनांना उन्हाळ्यात उपसाबंदीही लागते. एक टाकी भरून ठेवायची सोय आणि त्यावर साधं ठिबक, एवढं जमलं तर निम्मी काळजी मिटते.

पाण्याशी जोडलेली आणखी एक चूक म्हणजे थंड प्रदेशातले व्हिडिओ बघून उंच गादीवाफे करणं. आपल्या उन्हाळ्यात ते भराभर वाळतात. गादीवाफा रोपं तयार करायला आणि पावसाळ्यात ठीक. उन्हाळ्यात पालेभाजीला सपाट वाफे आणि भेंडी-गवारीला सरी करा. वाफा सव्वा मीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे आत पाय न घालता दोन्ही बाजूंनी हात पुरतो.

थंडीत भेंडी, उन्हात फ्लॉवर

जमीन २० अंशांच्या खाली असली की भेंडीची उगवण रखडते आणि बी कुजतं. जानेवारीच्या शेवटी पहाटेची थंडी ओसरेपर्यंत थांबा. बी रात्रभर भिजवा आणि दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल टोकू नका. पहिल्या वर्षी गवार, भेंडी, चवळी, पोकळा आणि मेथी पुरे. फ्लॉवर, कोबी हिवाळ्यासाठी ठेवा.

उगवल्यावर बिघडलं तर

बी उगवलंच नाही, तर बोटानं उकरून बघा. बी फुगून मऊ पडलं असेल तर पाणी जास्त झालंय. कोंब वाकून मातीखालीच अडकला असेल तर वर पापुद्रा धरलाय, हलक्या हातानं तो मोडा आणि वर थोडं पाणी शिंपडा.

कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर आहे. पाणी तोडा, दाटी विरळ करा आणि पुढच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून घाला.

टोमॅटोची पानं आकसली की लोक लगेच व्हायरस म्हणतात. आधी कुठली झाडं आकसली ते बघा. शेजारच्या उसाकडची सगळीच ओळ चार-पाच दिवसांत एकदम वाकडी झाली आणि पानं अरुंद, दोऱ्यासारखी निघाली, तर ती वाऱ्यानं आलेली टू-फोर-डी. झाडं उपटायची घाई नको. हलका फटका असेल तर नवी फूट नीट येते. इथं एक झाड, तिथं एक झाड असं होत असेल आणि पानामागं पांढरी माशी उडत असेल, तर तो खरा व्हायरस, म्हणजे चुरडा-मुरडा. ते झाड लगेच काढून टाका.

नदीकाठचं रान घेतलं असेल तर

पंचगंगेच्या पूररेषेतल्या रानाची माती सोन्यासारखी असते आणि भाडंही कमी पडतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगावं लागत नाही. तिथं मांडव, टाकी, ठिबक असं सगळं उचलून नेता येईल असंच ठेवा. भाजीचा शेवटचा तोडा जून संपायच्या आत होईल असा बेत करा. त्यासाठी भेंडी-गवार फेब्रुवारी संपायच्या आत टोकलेली हवी.